तेरा किनाऱ्यांची यादी आणि आईंचे गुडघे

वाचकाचं पत्र:

आम्ही पुण्याचे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्रेंच रिव्हिएराला जातोय. नीसमध्ये सहा रात्रींचं हॉटेल घेतलंय, रद्द करता येईल असं. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. आईंचं वय ७०, गुडघे दुखतात, जिने जपून चढतात. मुलगी टँकमध्ये छान पोहते, पण समुद्रात कधी पोहलेली नाही. फोटो बघून आम्ही तेरा किनाऱ्यांची यादी केली आहे: नीस, व्हिलफ्रांश, काप फेरावरचे पालोमा आणि फॉस, बोलियोचा प्तीत आफ्रीक, काप-दायचा माला, मांतों, आंतीबचे ग्राव्हेत आणि गारूप, कान, आगे, पाम्पलोन आणि मार्सेयजवळचा आँ-व्हो. नवरा म्हणतो, गाडी भाड्याने घेऊ आणि सगळे करू. मला वाटतं त्यात सगळ्यांचे हाल होतील. आईंची स्वतःची एकच इच्छा आहे, मार्सेय बघायची. शिवाय त्या विचारतात, तिथल्या किनाऱ्यावर साडी नेसून बसलं तर चालेल का? यादीतलं काय ठेवू, काय काढू?

उत्तर:

गाडी घेऊ नका. घरातल्या वादाचा निकाल आधी देते, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. नीसपासून पूर्वेला इटलीच्या सीमेपर्यंत जाणारी लोकल रेल्वे समुद्राला धरून धावते. व्हिलफ्रांश, बोलियो, एझ, काप-दाय, मोनाको, मांतों अशी स्टेशनं एकामागून एक येतात. नीसहून व्हिलफ्रांश सात-आठ मिनिटांवर आहे, मांतों पस्तीस-चाळीस. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला असतो. रस्ता मात्र डोंगराच्या कुशीतून वळणं घेत जातो, आणि किनाऱ्याजवळ गाडी लावायला जागा शोधण्यात तुमची अख्खी सकाळ जाईल. एक काळजी घ्या. मोनाकोची फॉर्म्युला वन शर्यत मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस असते, आणि त्या शनिवार-रविवारी पूर्वेकडची लोकल खचाखच भरते. तुमच्या तारखा तिच्यावर येत असतील तर ते दोन दिवस पश्चिमेला, आंतीबच्या बाजूला काढा.

आता यादी. ती तुम्ही फोटो बघून केलीत, आणि फोटोत सगळेच किनारे निळे दिसतात. तुमच्या घरातल्या चार माणसांसाठी किनारा निवडायचा तर तीन गोष्टी बघा: पायाखाली काय आहे, पाणी किती पावलांवर खोल होतं, आणि स्टेशनपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत. फोटोत नेमक्या याच तिन्ही दिसत नाहीत.

आपल्याला समुद्र म्हटला की दिवेआगर, गुहागर आठवतं. लांबरुंद पुळण, ओहोटीला पाणी दूर गेलेलं, ओल्या कडक वाळूवरून चालत जावं आणि गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभं राहावं. नीसच्या बाजूला यातलं काहीही नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. या भागात फरक पडतो तो वीत-दीड वीत. आणि आल्प्सचे डोंगर इथे थेट समुद्रात उतरतात, ते पाण्याखालीही तसेच उतरत राहतात. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चार-पाच पावलांत मुलीचे पाय टेकायचे बंद होतील. याच डोंगरांतून व्हार आणि पायों या नद्या दगड वाहून आणतात, म्हणून नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. गुळगुळीत राखाडी गोटे, काही मुठीएवढे. लाटा ते ओढून नेतात म्हणून नगरपालिका वेळोवेळी नवे आणून टाकते.

त्यामुळे नीसचा किनारा यादीत ठेवा, पण पोहण्यासाठी नको. समुद्र शांत असेल तेव्हा तिथे चांगले पोहणारे मजेत पोहतात. जरा लाट असली की मात्र उतार आणि गोटे मिळून माणसाला उभं राहू देत नाहीत. पाण्यातून बाहेर येताना लाट मागून ढकलते आणि पायाखालचे गोटे पुढे सरकतात. टँकमध्ये शिकलेल्या मुलीला याची काहीच सवय नसते, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाने त्या गोट्यांवर चालूच नये. नीसची खरी गंमत वरच्या प्रोमनादवर, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर आहे. तिथे ओळीने निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात, कुणीही बसावं, पैसे नाहीत. मेच्या शेवटी सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. रोज संध्याकाळी आईंना तिथे नेऊन बसवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. मे महिन्यात कोकणात समुद्र कोमट असतो. तिथे त्या आठवड्यात पाणी साधारण १८-१९ अंश असेल. हवा छान, ऊन कडक, आणि पाण्यात पाय घातल्यावर कळ येते. मुलगी तरीही उतरेल, मुलांना थंडी वाजते ती बाहेर आल्यावर. तिच्यासाठी अंगभर पोहण्याचा जाडसर पोशाख पुण्यातूनच घेऊन जा. चौघांसाठी पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूटही घ्या, कारण खडकांना समुद्री साळू चिकटलेले असतात आणि त्यांचे काटे तळपायात मोडले की काढताना जीव जातो. मेमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षकांची नेमणूक सुरू झालेली नसते. म्हणून थंड पाण्यात, जीवरक्षक नसताना, समुद्रात पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलीसाठी आडोशाची खाडी हवी, उघडा समुद्र नको.

अशी खाडी तुमच्या यादीत दुसऱ्याच नंबरवर आहे. व्हिलफ्रांश. माझं ऐकाल तर या एकाच किनाऱ्यावर दोन सकाळी घालवा, आणि त्यासाठी यादीतले दोन किनारे आनंदाने सोडा. एका बाजूला काप फेराचा लांब सुळका आणि दुसऱ्या बाजूला माँ बोरोंची टेकडी, यांच्यामध्ये हे पाणी आहे. नीसला लाट असते तेव्हाही इथे बहुधा शांत असतं. थेट दक्षिणेकडून लाट आली तरच बिघडतं. मारिन्येर नावाचा मुख्य किनारा रेल्वे स्टेशनच्या अगदी खाली आहे. थोड्या पायऱ्या उतरल्या की आलात. वाळू भरड आहे, तांदळाच्या कणीपेक्षा जाड, पण गोटे नाहीत. काठापाशी मुलीला पाय टेकवून खेळता येतं. मात्र खाडीचा मधला भाग फार खोल आहे, म्हणून तिला किनाऱ्याला समांतर पोहायला सांगा, आत नको.

सावली अजिबात नाही. छत्री हवीच. सकाळी साडेआठ-नऊला पोहोचा आणि बारा-साडेबाराला उठा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि गर्दीही वाढते. मग काठाकाठाने सपाट रस्त्याने जुन्या बंदराकडे चालत जा. तिथे मच्छीमारांचं एक छोटं सेंट पीटरचं देऊळ आहे, १९५७ साली झाँ कोक्तो या फ्रेंच कलाकाराने आतून रंगवलेलं. आईंना ते आवडेल, आणि आत गार असतं. वरच्या गल्ल्या सुंदर आहेत पण चढाच्या. त्या नवऱ्याने आणि मुलीने फिरून याव्यात.

पुढचा दिवस बोलियोला. इथेच तुमच्या घरातला ताण सुटेल असं मला वाटतं, कारण त्या दिवशी तुम्ही दोन तुकड्यांत फिरू शकता. चौघांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असं कुणी ठरवलंय? नवऱ्याला फोटोतला नाट्यमय किनारा हवा आहे, तर तो काप-दायचा माला. उंच कड्याखाली अर्धचंद्राकार पडलेला, पाणी खरोखर हिरवट निळं. पण तिथे उतरायला शंभरावर पायऱ्या आहेत आणि त्या परत चढाव्या लागतात. आईंना नेऊ नका, नेऊन वर बसवूनही ठेवू नका. बाप-लेकीने सकाळीच लोकलने काप-दायला जावं. तुम्ही दोघी दोन स्टेशनं अलीकडे, बोलियोला उतरा. प्तीत आफ्रीक किनारा स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे, कड्याच्या पोटाशी असल्याने ऊबदार, आणि काठाला झाडांची सावलीही आहे. या बाजूच्या किनाऱ्यांवर सावली दुर्मीळ. खाली बारीक खडे आहेत, म्हणून आईंसाठी घडीची हलकी खुर्ची जवळ असू द्या. खाली बसून उठणं हा त्यांच्या गुडघ्यांचा खरा प्रश्न आहे, चालणं नव्हे.

चालणं तर मी त्यांना मुद्दाम सुचवणार आहे. बोलियोपासून सें-झाँ-काप-फेराच्या बंदरापर्यंत मोरिस रुव्हिए यांच्या नावाचा पायरस्ता आहे. पाण्याला लागून, फरसबंद, जवळजवळ पूर्ण सपाट. आपल्या चालीने अर्धा तास, आईंच्या चालीने तास धरा. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला जुन्या हवेल्यांच्या बागा. या सगळ्या प्रवासात गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्रासाशिवाय जे काही मिळू शकतं, त्यात हे सर्वांत सुंदर आहे. बाप-लेक दुपारी परत येऊन तुम्हाला बंदरावर भेटतील. तोवर सगळ्यांना बरं वाटत असेल तर पालोमा तिथून चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. त्याचा बराचसा भाग खासगी गाद्यांनी व्यापलेला असतो, पण मोकळा भागही असतो. दमला असाल तर पालोमा आणि त्याच्या पलीकडचा फॉस, दोन्ही सोडून द्या.

त्या खासगी गाद्यांबद्दल सांगून टाकते. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. १९८६ च्या किनारपट्टी कायद्याने लोकांना पाण्याकाठाने जाण्याचा हक्क दिलेला आहे, आणि २००६ च्या नियमांप्रमाणे नैसर्गिक किनाऱ्याचा ८० टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो. उरलेल्या भागात हॉटेलवाले गाद्या आणि छत्र्या मांडतात. एका गादीला वीस-तीस युरो किंवा त्याहून जास्त पडतात. रोज नको, पण एखाद्या दिवशी आईंसाठी एक गादी जरूर घ्या. सावली, टेकायला पाठ आणि जवळ स्वच्छतागृह, यासाठी ते पैसे योग्य आहेत. बाकी दिवशी कुणी तुम्हाला दोरीपलीकडे ढकलू लागलं तर बिनधास्त पाण्याच्या कडेने चालत राहा.

वाळू हवीच असेल, आणि नऊ वर्षांच्या मुलीला किल्ला करायला ती हवीच, तर आंतीब. नीसहून पश्चिमेला लोकलने वीस-पंचवीस मिनिटं. ग्राव्हेत हा छोटा किनारा जुन्या शहराच्या तटबंदीला लागून आहे. पुढे दगडी बांध घातलेला असल्यामुळे पाणी उथळ आणि स्थिर. या सबंध पट्ट्यात लहान मुलांसाठी याहून निर्धास्त जागा मला सांगता येणार नाही. उथळ पाणी उन्हाने लवकर तापतं, म्हणून मेमध्ये ते इतर ठिकाणांपेक्षा सुसह्यही असतं. स्टेशनपासून सपाट रस्ता, आणि तटावर ग्रिमाल्दी वाड्यात पिकासोचं संग्रहालय. १९४६ मध्ये पिकासो याच वाड्यात काम करत होता. गारूप त्याच गावाच्या टोकाला आहे, वाळूही चांगली, पण तिथे बसने जावं लागतं आणि खासगी गाद्यांची दाटी फार. ग्राव्हेत झाल्यावर त्याची गरज उरत नाही.

कानचा किनारा यादीतून काढून टाका. ती वाळू बरीचशी बाहेरून आणून टाकलेली आहे, समोर हॉटेलांची रांग, आणि मे महिन्यात चित्रपट महोत्सवाने भाव चढलेले. पाम्पलोन लांबलचक आणि वाळूचा आहे, मनात भरण्यासारखा, पण सें-त्रोपेला रेल्वेच जात नाही; नीसहून जाऊन येण्यात दिवस मोडेल. मांतों राखीव ठेवा. जुन्या शहराखालचा साब्लेत किनारा बांधांनी सुरक्षित आहे, गाव लिंबांसाठी प्रसिद्ध आहे, आणि एखादी सकाळ रिकामी निघाली तर तिथे जाऊन वाईट वाटणार नाही.

किनाऱ्यावर गेल्यावर झेंडा बघायची सवय मुलीलाही लावा. हिरवा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात पाऊलही नाही. जांभळा म्हणजे पाणी दूषित आहे किंवा जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आले आहेत. गुलाबी-जांभळ्या छटेचे छोटे जेलीफिश वाऱ्याबरोबर एखाद्या खाडीत जमतात आणि दुसऱ्या दिवशी गायबही होतात. चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने त्वचेवर राहिलेले डंख आणखी फुटतात. काठाला तपकिरी पात्यांचे ढीग दिसले तर तो कचरा समजू नका. ते पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताचं पानगळीचं साहित्य आहे, लाटांनी वाळू वाहून जाऊ नये म्हणून ते उपयोगी पडतं. मुलीला हातात घेऊन बघू द्या.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आई शाकाहारी असतील तर नीसमध्ये सोक्का मागा. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत मोठ्या तव्यावर भाजलेलं. चवीला आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या जवळ जातं. कांद्याची पिसालादियेर शाकाहारी दिसते, पण तीत अँकोव्ही मासे असतात.

साडीबद्दल. आईंना सांगा, अगदी निर्धास्त बसा. किनाऱ्यावर कोण काय घालून बसलंय याकडे तिथे कुणी बघत नाही. काही बायका वरचा कपडा न घालता ऊन घेत असतात, त्यांच्याकडेही कुणी बघत नाही. हे आईंच्या कानावर आधीच घाला म्हणजे त्यांना तिथे अवघडल्यासारखं होणार नाही. फक्त साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून कंबरभर पाण्यात जाऊ नये. ओलं कापड पायांत गुंडाळतं आणि उताराच्या किनाऱ्यावर ते धोक्याचं आहे. व्हिलफ्रांशला काठावर बसून पाय बुडवायला काहीच हरकत नाही. हॉटेलच्या तलावाचे नियम वेगळे असतात, तिथे पोहण्याचाच पोशाख मागतात. आणि काही गावांत किनारा सोडून रस्त्यावर नुसत्या पोहण्याच्या कपड्यांत फिरलं तर दंड होतो, हे नवऱ्याला सांगून ठेवा.

आता मार्सेय. सगळ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही ओळ, आणि ती तुम्ही यादीनंतर लिहिलीत. आईंच्या पिढीला मार्सेय म्हटलं की ८ जुलै १९१० आठवतो, सावरकरांनी मोरिया बोटीतून समुद्रात घेतलेली उडी. शाळेपासून ऐकलेलं ते बंदर डोळ्यांनी बघावंसं वाटणं किती साहजिक आहे. त्यांनी तुमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट आहे. तिच्यासाठी तीन किनारे गेले तरी चालतील.

पण नीसहून सकाळी जाऊन रात्री परत, असं करू नका. एका बाजूला अडीच-पावणेतीन तासांचा प्रवास आहे, आईंना झेपणार नाही. शेवटची रात्र नीसऐवजी मार्सेयला करा. जाताना रेल्वेत डाव्या खिडकीशी बसा. कान स्टेशन सोडल्यावर एस्तेरेल डोंगराचे तांबडे खडक थेट निळ्या पाण्यात उतरताना दिसतात, आणि तुमच्या यादीतला आगे तिथेच आहे. तो गाडीतून बघून होईल. मार्सेयला जुन्या बंदराच्या मुखाशी २०१३ मध्ये उघडलेलं म्यूसेम संग्रहालय आहे. त्याच्या भोवतीच्या मोकळ्या धक्क्यावरून बंदर आणि खुला समुद्र दोन्ही दिसतात. आईंना तिथे हवा तितका वेळ बसू द्या, पुढचा काही कार्यक्रम ठेवू नका.

आँ-व्हो मात्र पायी नको. मार्सेयजवळच्या कासी गावाहून खडकाळ वाटेने जाऊन शेवटी तीव्र उतार आहे, धडधाकट माणसालाही येऊन-जाऊन अर्धा दिवस लागतो. तो परिसर २०१२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि जूनपासून वणव्याच्या भीतीने काही दिवशी तिथल्या वाटा बंदही ठेवतात. त्याऐवजी मार्सेयच्या जुन्या बंदरातून कालांकच्या, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्यांच्या, कड्यांकडे जाणाऱ्या बोटी सुटतात. चौघांना एकत्र, बसल्या जागी ते कडे बघता येतील, फक्त समुद्र खवळलेला असेल तर बोट रद्द होते.

म्हणून आज एवढंच करा: परतीचं विमान नीसऐवजी मार्सेयहून मिळतं का, आणि तिकीट बदलायला किती पडतात, ते विचारा. जमलं तर नीसची सहावी रात्र रद्द करून मार्सेयच्या जुन्या बंदराजवळ, लिफ्ट असलेलं हॉटेल बघा. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच्या विमानासाठी सकाळच्या गाडीने नीसला परत येता येतं, पण विमान सकाळचं असेल तर मार्सेय आधी आणि नीस नंतर, अशी उलटी आखणी करा.